वाळूवरचा वाटा : विजयदुर्ग, आरमार आणि रापण

विजयदुर्गाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन तटावर उभे राहून केलेले आहे. तटावरून समुद्राकडे पाहिले की गलबते दिसतात, तोफेचा पल्ला दिसतो, शत्रूची निशाणे दिसतात. त्याच समुद्रावर पोट भरणारा माणूस त्या चित्रात फार तर वल्हे मारण्यापुरता येतो. आंग्रे, धुळप, वॉटसन, क्लाइव्ह ही नावे आपल्याला पाठ असतात. परंतु ज्या हातांनी गुराबांची शिडे चढवली ते हात उरलेल्या दिवसांत काय करीत होते, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने फारसा विचारलेला नाही. किल्ला पाहायला येणाऱ्यांना १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडले गेलेले साहेबाचे कट्टेसुद्धा आवर्जून दाखवले जातात. सूर्याच्या वर्णपटाला जिथे जागा मिळाली तिथे मासळीच्या जाळ्याला मिळू नये, हे जरा चमत्कारिकच म्हणायचे.

हे जाळे म्हणजे रापण. देशावरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. गरी टाकून एकट्याने गरवत बसणे किंवा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाग फेकणे ही किनाऱ्यावरची मासेमारी खरी, पण ती एका माणसाची, एका कालवणापुरती. रापण ही गावाची मासेमारी. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी लाटा फोडून आत शिरते, जाळे सोडीत सोडीत मोठे अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात. ओढता ओढता या रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात, वर्तुळ आवळत जाते आणि अखेरीस मासळीने भरलेला जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात येतो. या सगळ्याला दोनतीन तास सहज लागतात, आणि जाळे मोठे असेल तर पन्नाससाठ माणसेही कमी पडतात. विशेष म्हणजे रापण हा शब्द जाळ्यालाही लावतात आणि ते ओढणाऱ्या समूहालाही. वस्तू आणि माणसे यांना एकच नाव असावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने सहज सोडून देण्यासारखी नाही.

आता एक भौगोलिक बाब. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे. खाडीने दिलेला आडोसा, किल्ल्याभोवतीचे खडक आणि आत गलबते नेता येतील एवढे पाणी यांमुळे ते बंदर झाले. दक्षिणेला गिर्येचा जांभ्याचा सडा कड्यासारखा समुद्रात उतरतो. रापणीला नेमके याच्या उलट हवे असते. तिला लांब, उघडी, सपाट वाळू लागते आणि वाळूपुढचा समुद्रतळही मऊ लागतो, कारण खडकावर जाळे अडकले की फाटलेच. म्हणून विजयदुर्गची रापण आखूड. रापणीचे खरे साम्राज्य त्याच्या दक्षिणेला, कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग, आचरा, तोंडवळी, तळाशील, तारकर्ली, देवबाग आणि पुढे वेंगुर्ले-शिरोड्यापर्यंत पसरलेले. साधारणपणे जिथे बंदर चांगले तिथे वाळू थोडी आणि जिथे वाळू लांब तिथे बंदर नाही. राज्यसत्ता मात्र बंदरावर बसते. जकात बंदरावर, किल्ला बंदरावर, कारकून बंदरावर. त्यामुळे कागदही बंदरावरच तयार होतो. ज्या वाळूवर जकातीचे नाके नव्हते तिचा दप्तरात उल्लेख येण्याचे कारण नव्हते. रापणीच्या इतिहासाची साधने तुटपुंजी का, याचे आमच्या मते हे पहिले उत्तर आहे.

किल्ल्याचा इतिहास वाचकांना ठाऊक असल्याने तो थोडक्यात सांगतो. गिर्ये गावावरून परकीयांच्या कागदांत हा किल्ला घेरिया म्हणून येतो. सतराव्या शतकाच्या मध्यास तो विजापूरकरांकडून शिवाजी महाराजांकडे आला. कान्होजी आंग्र्यांच्या काळात तो पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा आरमारी तळ झाला. १७१७ आणि १७२० साली इंग्रजांनी व १७२४ साली डचांनी केलेले हल्ले इथे फसले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या मोहिमेत तुळाजीचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. मराठ्यांच्या राज्यकर्त्यानेच मराठ्यांचे आरमार जाळायला परक्याला बोलावले, या घटनेवर इतकी शाई खर्च झाली आहे की आम्ही त्यात भर घालीत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीकडे किल्ला पेशव्यांकडे आला, सुभा आरमार तिथे बसला, आणि आनंदराव धुळपांच्या काळात, एप्रिल १७८३ मध्ये, रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांचे रेंजर हे जहाज त्यांनी पकडले. १८१८ साली हे सर्व संपले.

या आरमारावर काम करणारी माणसे गाबीत, खारवी, कोळी, भंडारी, दालदी अशा समाजांतली होती. गाबीत हे नाव गुराबेवरून पडले अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. गुराब हा शब्द अरबीतून आलेला, मूळ अर्थ कावळा. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ती लोकांना पटते यातच काही आहे: आपले नाव लढाऊ जहाजावरून आले असे सांगण्यात एक अभिमान आहे, तसा तो जाळ्यावरून आले असे सांगण्यात वाटला नसावा. भाषेचा दुसरा पुरावा अधिक भक्कम आहे. तांडेल, खलाशी, सुकाणू, नाळ, डोलकाठी हे शब्द आरमाराच्या लेखनात जसे येतात तसेच ते आजच्या मच्छीमारी नौकेवरही ऐकू येतात. लढाऊ गलबतावरचा अधिकारी तांडेल आणि मासेमारीच्या होडीचा म्होरक्याही तांडेल. आरमारासाठी एक आणि मासळीसाठी दुसरी अशा दोन भाषा किनाऱ्याने कधी ठेवल्या नाहीत, कारण माणसे तीच होती.

त्या दोहोंचे पंचांगही एकच होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आम्ही पदव्युत्तर वर्गांना शिकवतो तेव्हा आरमाराच्या प्रकरणातील लाकूडतोडीचा भाग हमखास चर्चेला येतो. रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, हा उपदेश परीक्षेतही विचारला जातो. त्याच प्रकरणात पावसाळ्यातील आरमाराच्या छावणीचा विचार आहे, तो मात्र आपण भराभर वाचून पुढे जातो. वास्तविक किनाऱ्याचे सगळे जीवन त्या छावणीत दडलेले आहे. आगोटीला गलबते वर ओढायची, शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा पाण्यात लोटायची. रापणीचे नेमके हेच वेळापत्रक. शिवाय पावसाळा संपतो तेव्हाच रापणीला मासळी मिळण्याचे नैसर्गिक कारण आहे. मान्सूनच्या महिन्यांत पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म जीवांची वाढ होते आणि त्या खाद्यावर बांगडे-तारल्यांचे थवेच्या थवे किनाऱ्याजवळ येतात. म्हणजे ज्या आठवड्यांत आरमाराला माणसे हवी असत त्याच आठवड्यांत वाळूलाही हवी असत. ही ओढाताण कशी सुटत असेल? घरातला एक आरमारावर आणि दुसरा दोरावर, असा आमचा तर्क आहे. पेशवे दप्तरातील आरमाराच्या पगाराच्या नोंदी या दृष्टीने कुणी वाचल्या तर तर्काचे काहीतरी प्रमाण हाती लागू शकेल.

१८१८ नंतर पगार संपला आणि दोर उरला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी हा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या किनाऱ्यावरच्या समाजांची वर्णने आहेत, नौकांची आहेत, मासळीचीही आहेत. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांची नजर हिशेबी होती आणि त्यांचे जातिवर्णन आज वाचताना कानाला खटकते. तरीही एक मान्य केले पाहिजे, की मासेमाराला विषय मानून त्याच्याविषयी चार पाने लिहावीत ही बुद्धी त्यांना झाली. आपल्याकडच्या बखरकारांना ती झाली नव्हती आणि नंतरच्या आपल्या इतिहासमंडळींनाही क्वचितच झाली.

आता वाट्याविषयी. आमच्या मते रापणीतली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट जाळे ही नव्हे, वाटणी आहे. इतके मोठे जाळे एका घराला परवडत नसे. पूर्वी ते सुताचे किंवा तागाचे असे, दोर काथ्याचा. नायलॉन फार उशिरा आले. सुती जाळे खाऱ्या पाण्याने कुजते, म्हणून ते वरचेवर वाळवावे, शिवावे, झाडाच्या सालीच्या रसात रंगवावे लागे. हे काम वाटून घ्यायचे तर जाळेही वाटून घेणे सोयीचे: प्रत्येक घराने आपापला तुकडा आणायचा, तुकडे जोडून रापण उभी करायची. मग मासळी विकून येणाऱ्या पैशातून जाळ्याचा भाग, होडीचा भाग आणि माणसांचे वाटे निघत. गावागावांत तपशील वेगळे. परंतु मजुरी ही कल्पना त्यात नव्हती. भरघोस बांगडा मिळाला तर सगळ्यांना, आणि नुसती शेवाळ व चार शेंगाळे आले तर तेही सगळ्यांना. रोजंदारीचा माणूस मासळी मिळो न मिळो आपला रोज मागतो. वाट्याचा माणूस समुद्राच्या लहरीत भागीदार असतो.

त्यातही एक पोटनियम आहे तो आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. रापण ओढत असताना समूहाबाहेरच्या कुणी येऊन दोराला हात लावला, तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. एका वयस्क रापणकरांना आम्ही या प्रथेविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “दोराक हात लावल्यान, मगे तेका कालवणाक नको?” उत्तर प्रश्नार्थक होते, आणि त्यात औदार्याचा सूर अजिबात नव्हता. त्यांना आमचा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला असावा. हक्क आणि दान यांच्या मधोमध कुठेतरी ही प्रथा उभी आहे. कायद्याच्या भाषेत तिला नाव देणे कठीण आहे, म्हणूनच ती कुठल्याही कायद्यात आली नाही. किनाऱ्यावर पाटी घेऊन बसलेल्या बायकांचा व्यवहारही असाच अर्धा लिहिलेला. मासळी वाळूवर येईपर्यंत कथा पुरुषांची असते आणि वाळूवर आल्यापासून ती बायकांची होते: बोली लावणे, निवडणे, खारवणे, सुकवणे, डोईवरून गावोगाव नेणे. या दुसऱ्या अर्ध्या कथेशिवाय पहिलीला पैशाचे मोल नव्हते.

एवढे वाचून रापणीचे सुवर्णयुग वगैरे कल्पना कुणी करू नये. किनाऱ्यावरून ओढायची जाळी जगभर आहेत आणि त्यांच्या कथा नेहमी गोड नाहीत. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मावेल्ले या गावाचा अभ्यास पॉल अलेक्झांडर या मानववंशशास्त्रज्ञाने केला आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली. तिथेही जाळ्यात वाटे होते, आणि वाळू एकच असल्याने जाळी टाकण्याच्या पाळ्या बारकाईने ठरलेल्या होत्या. वाटा मिळवायचा तर नव्या जाळ्यात भाग घ्यायचा, या मार्गाने जाळ्यांची संख्या वाढत गेली. जाळी वाढली म्हणून मासळी वाढली नाही, प्रत्येकाची पाळी मात्र लांबली. जाळ्यांवर मर्यादा घालणारे नियम सरकारने केले, पण ते अमलात आले नाहीत. सामूहिक मालमत्ता लोकांना सांभाळता येते, हे दाखवून ज्यांनी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले त्या ऑस्ट्रॉमबाईंनी मावेल्लेचे उदाहरण अपयशाच्या प्रकरणात घातले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या रापणीतही भांडणे होती, वाट्यावरून अबोले होते, कुणाच्या वाळूवर कुणी जाळे टाकले म्हणून डोकी फुटल्याच्या आठवणी आहेत. समूहातही मानाची जागा आणि खालची जागा असे. परंतु ही भांडणे एकाच वाळूवर उभ्या असलेल्या, एकमेकांची नावे ठाऊक असलेल्या माणसांची होती, आणि ती मिटवायला त्याच वाळूवर बसावे लागे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रापणीचा खरा शत्रू जाळ्यातली अतिरिक्त मासळी हा होता. एका सकाळी वाळूवर बांगड्यांचा डोंगर येतो. बर्फ नाही, रस्ता नाही, पंचक्रोशी किती खाणार? उरलेले खारवायचे तर मीठ हवे आणि मिठावर सरकारी कर. मिठाचा सत्याग्रह म्हटला की आपल्याला दांडी आठवते, फार तर मे १९३० चा शिरोड्याचा सत्याग्रह. तो राष्ट्रीय आंदोलनाचा भाग म्हणून शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण ज्या किनाऱ्यावर तो झाला तिथे मीठ हा ताटातल्या चिमटीचा प्रश्न नव्हता, मणामणांचा होता. सरकारनेही ही अडचण ओळखून कारवार व रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर मासळी खारवण्याची आवारे उघडली होती, जिथे कारकुनाच्या देखरेखीखाली सवलतीचे मीठ मिळे. ज्यांना ते मिळाले नाही त्यांची तारली नारळाच्या आळ्यात खत म्हणून गेली. मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर १९३० च्या दशकाच्या आरंभी सविस्तर अहवाल लिहिणारे अधिकारी एच. टी. सोर्ली यांनीच पुढे, १९४० साली, सिंधी संतकवी शाह अब्दुल लतीफ यांच्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मासळी मोजणारा आणि काव्य वाचणारा माणूस एकच असू शकतो, याचे हे उदाहरण आम्हां मराठीच्या अध्यापकांना थोडे लाजवणारे आहे.

कारण आपल्या कोकणच्या साहित्यात समुद्र कुठे आहे? श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांत खोत, वाडी, आगर, गावकी सगळे विलक्षण ताकदीने येते. जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधले गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या पुस्तकाची ओढ घर, देऊळ आणि तऱ्हेवाईक माणसे यांकडे. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त समुद्र आहे, पण तो गूढ शक्ती म्हणून, तिथे कुणी रोजच्या कामाला जात नाही. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते, म्हणजे अठरा वर्षे रापणीच्या किनाऱ्यालगत. ही तक्रार नव्हे. लेखक ज्या घरात वाढतो त्या घराच्या ओट्यावरूनच तो जग पाहणार, आणि आपले बहुतेक लेखक आगरातल्या ओट्यावरचे होते. पण आपल्या अभ्यासक्रमातला कोकण जमिनीवरचा आहे, समुद्राकडे पाठ करून बसलेला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला तरी हवे. मल्याळममध्ये तकळींची ‘चेम्मीन’ १९५६ साली आली. तिच्याविषयी बोलताना आपण समुद्रमातेची आख्यायिका आणि करुतम्मा-परीकुट्टीचे प्रेम यांतच रमतो. वास्तविक त्या शोकान्तिकेची सुरुवात होते ती चेंबनकुंजूला स्वतःची होडी आणि स्वतःचे जाळे हवे असते तिथे. होडी कुणाची, जाळे कुणाचे आणि त्यासाठी पैसा कुणाचा, हाच तिथला मूळ प्रश्न आहे. रापणीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पहिल्या वाचनातच दिसेल. बाकीच्यांना तो दाखवावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आला, आणि तो सरकारी योजनेच्या रूपाने आला. १९५२ च्या करारानंतर केरळात नीण्डकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक नौका आल्या, पुढे कोळंबीच्या निर्यातीने ट्रॉलरना जोर चढला. कोळंबी तळाशी असते आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात विपुल असते. त्यामुळे ट्रॉलरचे जाळे त्याच पट्ट्यात फिरू लागले ज्यात रापण टाकली जाते. पाठोपाठ १९७० च्या दशकात गोवा-कर्नाटकात पर्ससीन आले. त्याचा हिशेब आणखी सरळ होता. रापण बांगड्याची वाट पाहते, पर्ससीन त्याला शोधत जाते. थवा वाळूपर्यंत यायच्या आत वाटेतच घेरला गेला तर वाळूवर काय येणार? कर्नाटकातील मोठमोठ्या रांपणी दहा वर्षांच्या आत जवळजवळ नाहीशा झाल्या. गोव्यात रापणकारांनी मातान्ही साल्दान्हा यांच्यासारख्या, मुळात शिक्षक असलेल्या, नेत्याच्या पुढाकाराने लढा उभारला. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांना राखून ठेवावा, ही त्यांची मागणी. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा, हा योगायोग नाही.

कायदा झाला म्हणून समुद्रावर रेघ उमटली नाही. सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमारांना पुढे तीन दशकांहून अधिक काळ मोर्चे, निवेदने आणि समुद्रातल्या झटापटी यांत घालवावी लागली. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारून दंड वाढवले गेले. आदेशांची ही मालिकाच सांगते की आदेश पाळले जात नव्हते. मावेल्लेतही नियम कागदावरच होते, फक्त तिथे ते मोडणारे त्याच वाळूवरचे होते. इथे बोट दुसऱ्या बंदराची, मालक तिसऱ्या शहरातला. वाळूवर बसून वाद मिटवायचा तर बसणार कुणाबरोबर?

परंतु रापणीच्या ऱ्हासाचा सगळा दोष यंत्रावर टाकणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. मुंबईने माणसे नेली, आणि ती गिरणीत, गोदीत, बंदरात गेली तेव्हा घरी येणारी मनिऑर्डर वाट्याहून भरवशाची होती. शाळेने मुले नेली. त्या शाळा-महाविद्यालयांत आम्हीच शिकवतो आणि रापणकराच्या मुलाने दोर ओढायला परत जावे असे आम्ही एकदाही कुणाला सांगितलेले नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर निवासस्थाने उभी राहिली. तिथे आज रापण लागली की पर्यटकही हौसेने दोराला हात लावतात, छायाचित्रे काढतात आणि जाताना बांगडे विकत घेतात. कालवणापुरती मासळी देण्याचा नियम त्यांच्या बाबतीत लावायचा की नाही, यावर एका ठिकाणी रापणकरांमध्येच थट्टेवारी चाललेली आम्ही ऐकली. एकजण म्हणाला, “तेंका दिलंस तर ते पैशे देतत, आणि नाय दिलंस तरी देतत.” त्यावर सगळे हसले.

जिथे रापण संघ टिकले आहेत तिथे ते थोड्या माणसांत, लहान जाळ्यांवर चालले आहेत. विजयदुर्गच्या धक्क्यावर उभे राहिले तर यांत्रिक नौका दिसतात. कोकणच्या अशा नौकांवर आता नेपाळहून आलेले खलाशीही असतात. ते पगारी आहेत, जसे धुळपांच्या गुराबांवरचे होते. त्यांचा पगार कुठल्यातरी वहीत लिहिलेला असतो. वाटा कधी लिहिला गेला नाही. तो ज्यांना तोंडपाठ होता अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. देवगड, मालवण, वेंगुर्ले या तालुक्यांतल्या मराठीच्या विभागांत दरवर्षी लघुप्रबंध लिहिले जातात आणि त्यांचे विषय बहुधा छापील कादंबऱ्यांतून निवडले जातात. त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने एक हिवाळा वाळूवर घालवावा आणि साधे प्रश्न विचारावेत. जाळ्याच्या प्रत्येक भागाला काय म्हणता? दोर ओढताना आरोळी कोण देतो आणि तिचे शब्द काय? आजारी माणसाचा वाटा किती दिवस चालू राही? रापणकर समुद्रात गेला आणि परतला नाही, तर त्याच्या बायकोला वाटा मिळे का, आणि मुलगा हाताशी येईपर्यंत तो कुणाच्या नावाने काढला जाई?